कोमेदाची अंगाई: जॅझवाल्यांची की मिया फॅरोची?

खर्जातला
परवा 'रात्रपाळी' यांनी इथेच लिहिलं की 'रोझमेरीज बेबी' या भयपटातली, पोलिश संगीतकार कोमेदाची अंगाई आता सिनेमाची उरलीच नाही, ती जॅझ स्टँडर्ड झाली, म्हणजे जो तो आपापल्या परीने वाजवतो अशी चाल. आणि सिनेमाची नायिका मिया फॅरोचं ते ला-ला म्हणजे नुसता कच्चा आराखडा, खरं गाणं जॅझवाल्यांनी घडवलं. गप्प बसायचं ठरवलं होतं. 'कच्चा आराखडा' मात्र घशाखाली उतरेना.

अहो, १९६८ चा तो सिनेमा सुरू होतो तेव्हा काय दिसतं आठवा. मॅनहॅटनच्या गच्च्या, त्यावर गुलाबी वळणदार अक्षरं, आणि कुणी बाई शब्दांवाचून गातेय. गळा तयार नाही हे लगेच कळतं. मुलाला नव्हे, स्वतःलाच थोपटतेय असं वाटतं, आणि पोटात खड्डा पडतो. दिग्दर्शक पोलान्स्कीने तिथे एखादी कसलेली गायिका बसवली असती तर गाणं गोड झालं असतं आणि भीती संपली असती. ट्रम्पेटवाले नेमकं तेच करतात. सुरेल करून टाकतात!

शिवाय वाजवतं कोण? ट्रम्पेटवाला स्टान्को, पियानोवाला मोज्जेर, सगळा पोलिश गोतावळा. कोमेदा १९६९ मध्ये गेला, अडतिसावं पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. चटका लावणारंच आहे ते. पण श्राद्धाच्या खिरीचं कौतुक पंगतीबाहेर किती करायचं?

रात्रपाळी
खर्जातला, तुम्ही कोमेदाला सिनेमावाला समजून बसलात, घोळ तिथेच आहे. माणूस कान-नाक-घशाचा डॉक्टर. खरं आडनाव त्शचिन्स्की. दवाखान्यातल्या लोकांना रात्रीचे उद्योग कळू नयेत म्हणून कोमेदा हे नाव घेतलं. स्टालिनच्या काळात पोलंडमध्ये जॅझ म्हणजे चोरीछुपे करायची गोष्ट. १९५६ च्या सोपोतच्या महोत्सवात त्याचं सेक्स्टेट, म्हणजे सहा जणांचा ताफा, उभं राहिलं तेव्हा कुठे ते उघड्यावर आलं. पोलान्स्कीचं काम त्यानंतरचं. म्हणजे जॅझने सिनेमाकडून उसनं घेतलेलं नाही, सिनेमानेच जॅझवाल्याकडून घेतलंय.

आणि पोलिश गोतावळा? स्टान्कोची १९९७ ची 'लितानिया' काढा. त्या एका तबकडीवर ही अंगाई तीनदा येते. पियानोवर बोबो स्टेन्सन, बासवर पाले डॅनियलसन, दोघे स्वीडिश. ड्रमवर नॉर्वेचा यॉन क्रिस्टेन्सन. सॅक्सोफोनवर बर्न्ट रोसेनग्रेन, हाही स्वीडिशच. १९६२ च्या 'नाइफ इन द वॉटर'मध्ये कोमेदाच्या संगीतात वाजवलेला माणूस. तुमच्या पोलिश श्राद्धाला हे एवढे पाहुणे कुठून आले?

जाईजुई
मोठ्या चर्चेत लहान तोंडी घास. लेक तान्ही असताना मी हीच चाल गुणगुणायचे. सिनेमा पाहिलेलाच नव्हता, कुठल्याशा पियानोच्या रेकॉर्डवरून डोक्यात बसलेली. पोरगी गाढ झोपायची आणि नवरा उठून बसायचा. "दुसरं काहीतरी म्हण गं बाई," म्हणून हात जोडायचा. आमच्या घरापुरता निकाल असा: पोरीसाठी स्टँडर्ड, बापासाठी हॉरर.

खर्जातला
ताई, तुमच्या यजमानांना माझा दंडवत. चाल ऐकली की सिनेमा आठवतोच, हेच तर म्हणतोय!

म्हापसेकार
तुम्ही भांडा. मला वेगळंच खुपतंय. कोमेदाचं नाव निदान पडद्यावर झळकलं. गोल्डन ग्लोबचं नामांकनही झालं. आमच्या गोंयकारांचं काय? मुंबईच्या सिनेमात जॅझ आणला कुणी? चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, शिकून आलेल्या पोरांनी. नोटेशन लिहायचं, वाद्यमेळ बांधायचा, मधले तुकडे सुचवायचे यांनी, आणि चाल दुसऱ्याची. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट नसता तर सी. रामचंद्रांचा स्विंग कुठून आला असता?

अनुस्वार
अण्णांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, मध्ये ओढायचं काम नाही. चाल त्यांची, गळाही कित्येकदा त्यांचाच. ट्रम्पेटवाला उत्तम होता म्हणून संगीतकार चोर ठरतो का? आणि नावंच यायची नाहीत हे धादांत खोटं. शंकर-जयकिशनच्या सिनेमांच्या श्रेयनामावलीच्या पाट्यांवर दत्ताराम आणि सबॅस्टियन यांची नावं सहाय्यक म्हणून असायची. आधी पाट्या वाचा, मग हंबरडा फोडा.

म्हापसेकार
सहाय्यक! वा. सगळा वाद्यमेळ लिहिणारा माणूस सहाय्यक. माझे आजोबा धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या वसतिगृहात, राहायचे, एका खोलीत डझनभर खाटा. संध्याकाळी हॉटेलात बँड, सकाळी रेकॉर्डिंग. एका नावाजलेल्या संगीतकाराने गुणगुणलेल्या चालीला त्यांनी रातोरात तीन ट्रम्पेटचे भाग लिहून दिले. हातात रोख पैसे, पाठीवर थाप, संपलं. रेडिओवर ते गाणं लागलं की आजी अजूनही बटण फिरवते. तुमच्या पाट्या ठेवा तुमच्याकडे.

अनुस्वार
आजोबांबद्दल आदर आहे. पण एकाने पैसे बुडवले म्हणून सगळ्या मराठी संगीतकारांवर राळ उडवायची हा कुठला न्याय?

म्हापसेकार
'मराठी' शब्द मी काढलाच नव्हता. तुम्हाला का झोंबला ते तुम्हीच पाहा. बुडवले असंही म्हटलेलं नाही. दिले, पण मजुरी म्हणून दिले. प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव, अँथनी गोन्साल्विस, १९७७ मध्ये गाण्यात आणलं तेव्हा ते लोकांच्या तोंडी बसलं. तेही विनोदी गाणं. अजून लोकांना वाटतं ते नुसतं अमिताभच्या पात्राचं नाव आहे.

अनुस्वार
बरं बाबा, गोन्साल्विसांचा मुद्दा मान्य. एवढाच. बाकीचं अजिबात नाही.

रात्रपाळी
धागा पोलंडचा होता हो, मंडळी. मुंबईकडे वळलाच आहे तर मीही घाटापर्यंत येतो. खर्जातला म्हणतात ट्रम्पेटने भीती पुसली जाते. याच स्टान्कोने १९८० मध्ये ताजमहालात आणि आपल्या कार्ल्याच्या लेण्यात एकट्याने ट्रम्पेट वाजवून रेकॉर्ड काढली. साथीला कुणी नाही, फक्त दगडावरून परत येणारा आवाज. अंधारात ऐका आणि मग सांगा काय पुसलं गेलं ते.

कोकणकडा
कार्ल्याला शांतता??? आम्ही एकविरेच्या यात्रेत गेलो होतो. ढोल, कोंबड्या, पालख्या, चैत्यात उभं राहिलं तरी शेजारच्याचं ऐकू येईना. बुवाने पहाटे वाजवलं असणार. पण आवाज घुमतो हे खरं. वरच्या त्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आहेत म्हणे. पोरगा 'आई' म्हणून ओरडला तर तीनदा ओ द्यावीशी वाटली.

खर्जातला
ऐकली. सगळी नाही, कार्ल्याची बाजू. रात्री ऐकली ही चूक झाली, कारण मधेच उठून दिवा लावावा लागला. घ्या, जिंकलात. पण त्या रेकॉर्डवर अंगाई नाहीये, रात्रपाळी! स्टान्को भीती घालू शकतो याला पुरावा मिळाला; ही अंगाई वाजवताना घालतो याला नाही. 'लितानिया'तल्या तिन्ही आवृत्त्या पुन्हा ऐकल्या. पहिल्या दोन देखण्या आहेत. तिसरीत तो सूर किंचित फाटू देतो, तिथे क्षणभर मिया फॅरो आठवली. म्हणजे तुमचा माणूस जिथे बरा वाटतो तिथे तो तिच्याचकडे गेलेला असतो. कच्चा आराखडा म्हणे.

रात्रपाळी
तीन आवृत्त्या पुन्हा ऐकल्यात आणि म्हणे सिनेमाची चाल. चालू द्या.

म्हापसेकार
कुडींवर वेगळा धागा काढतोय. अनुस्वार यांनी पाट्यांचे फोटो घेऊन यावं.