मदत हवी आहे: लंबकाच्या प्रयोगात उत्तर सतत कमी येतंय

ऐरोलीत अकरावीच्या मुलांकडून साध्या लंबकाचा प्रयोग करून घेते आहे. दोऱ्याची लांबी आणि आंदोलनांचा वेळ मोजून गुरुत्व त्वरण काढायचं; आपल्या भागात ते साधारण ९.७९ मी/से² यायला हवं. एका गटाचं १०.८ आलं, त्याचं कारण सापडलं: स्टॉपवॉच दाबतानाच मुलं 'एक' म्हणत होती, म्हणजे २० मोजलेली आंदोलनं खरी १९च. 'शून्य'पासून मोजायला लावल्यावर आकडा जागेवर आला.

अडलंय ते दुसऱ्या गटापाशी. त्यांचं दर वेळी ९.५च्या आसपास. दोरा एक मीटर, गोळ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर. लांबीत ती धरायची राहिली तरी फरक एक टक्काच, इथे तीन टक्के आहे. कोन लहानच ठेवतात. पंखाही बंद करून पाहिला (एवढ्या उकाड्यात पोरांनी सोसलं!).

दोरा वर ज्यात अडकवतो त्या बुचाच्या दोन तुकड्यांत तो सैल राहत असेल, की गोळा टांगल्यावर ताणला जात असेल? लांबीतली चूक ठरावीक असेल तर लांबी आणि आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाचा) वर्ग यांच्या आलेखाचा चढ बदलणार नाही, पण ताणामुळे बदलेल ना? कुणी हे करून पाहिलंय का? जर्नलात नुसतं 'मानवी चूक' लिहून पान उलटायला मला मुलांना शिकवायचं नाहीये.