कळसूबाईला ग्रुपबरोबर जाऊ का? सगळ्यात हळू चालणारी मीच आहे

वडगावची बाई

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते, मराठी शाळेत शिकवते. वय 49. आमचा अकरा जणांचा ग्रुप रविवारी पहाटे येळ्ळूरगडावर जातो, वर सिद्धेश्वराच्या देवळापाशी बसून चिरमुरे खातो आणि परत येतो. आता डिसेंबरात कळसूबाई ठरलंय. शुक्रवारी रात्री टेंपो ट्रॅव्हलरनं निघायचं, शनिवारी सकाळी बारी गावात उतरायचं आणि लगेच चढायला लागायचं.

येळ्ळूरगडावरसुद्धा मी शेवटीच पोचते. सगळे माझ्यासाठी थांबतात, प्रेमानं थांबतात, पण मी पोचले की उठतात. मला दम खायला मिळत नाही आणि लाजेनं मी बोलतही नाही. जूनमध्ये देवरवाडीतून वैजनाथ करून महिपाळगडावर गेलो तेव्हाही तेच. उतरताना डावा गुडघा असा धरला की आठ दिवस वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं. घरचे म्हणतात, कशाला जातीस? पण महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर एकदा आपल्या पायांनी चढावं असं फार वाटतं. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल का? शिवाय त्या लोखंडी शिड्यांची भीती वाटते.

खानापूर रोड

ताई, जावा. मी तीनदा गेलोय, त्यातले दोनदा ग्रुप घेऊन.

"मी पोचले की उठतात" असं तुम्ही लिहिलंय ना, सगळी गोम तिथंच आहे. पुढचे दहा मिनिटं बसतात, शेवटच्याला एक मिनिटही मिळत नाही. दिवसभर असंच चाललं की ज्याला विसावा जास्त हवा त्यालाच तो सगळ्यात कमी मिळतो. पहिल्या खेपेला आमच्यातही हेच झालं. साठीचे एक काका तिसऱ्या थांब्यानंतर गप्पच झाले. विचारलं की "बरं हाय, चला" एवढंच. शेवटच्या शिडीच्या अलीकडं विहीर आहे, तिथं बसले ते उठेनात. माथा समोर दिसत होता आणि ते तिथूनच फिरले. ग्रुप मी नेलेला, चूक माझी. अजून मनाला लागून राहिलंय.

पुढच्या खेपेला हळू चालणाऱ्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागं घेतलं. म्हणजे सगळ्यांची चाल त्याच्या पायांवर. थांबलो की घड्याळ शेवटचा माणूस खाली टेकल्यावर बघायचं. आणि दमदार असा एकजण कायम सगळ्यांच्या मागं, त्याच्या मागं कुणीही राहायचं नाही. तासभर जास्त लागला, पण सगळे वर देवीपुढं उभे होतो.

चढ मात्र येळ्ळूरगडाच्या हिशेबानं धरू नका. शिखर 1646 मीटर. आपलं बेळगावच साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, पण बारीतून वर साधारण नऊशे मीटर सलग चढायचंय. तीन-चार तास धरा. तोवर देवरवाडी ते महिपाळगड एका सकाळी दोनदा करून बघा.

शिड्या पक्क्या आहेत, धरायला कठडे आहेत. काठी आधीच सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. खाली बघू नका, पुढची पायरी बघा. शनिवार-रविवारी तिथं रांग लागते, मागचे घाई करतात. करू देत.

रात्रभर प्रवास करून लगेच चढणं मला अजिबात पटत नाही. बेळगावहून पाचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे. पुणे, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं जाताना गाडीत झोप लागत नाही. शनिवारी भंडारदऱ्याचं धरण बघा, बारीत कुणाच्या घरी जेवून झोपा, रविवारी पहाटे निघा. हवा स्वच्छ असली तर वरून अलंग, मदन, कुलंग एका ओळीत दिसतात. ते झोपेच्या डोळ्यांनी बघू नये.

शहापूरकर मावशी

गुडघ्यासाठी माझंही ऐका, मी 56 ची. चढताना दम लागतो, गुडघा जातो तो उतरताना. काठ्या दोन घ्या, पावलं लहान टाका, मोठ्या दगडावरून उडी मारू नका. नवीन बूट घालून जाऊ नका. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतरताना बुटात आपटून काळी पडतात. आणि आठ दिवस दुखलेला गुडघा आहे, तो आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच.

गणेशपूर

मुळ्ळय्यनगिरी का नको? आपल्याच कर्नाटकात, 1900 मीटरच्या वर, आणि गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. शेवटी पायऱ्या तेवढ्या.

वडगावची बाई

तिथं घरच्यांबरोबर जाऊन आले. पायऱ्या चढून वर गेले, पण शिखर चढल्यासारखं वाटलं नाही.

काल येळ्ळूरगडाच्या पायथ्याशी हा धागा सगळ्यांना वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही, मग आमच्यातला सगळ्यात वेगानं चालणारा मुलगा म्हणाला, "बाई, आम्हाला कळलंच नाही ओ." आणि तो आपणहून मागं गेला. मी दुसरी चालले. पहिल्यांदाच वर पोचल्यावर मला बोलायला दम शिल्लक होता. बेतही बदललाय, मुक्काम बारीत. डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतलीय.

एकच राहिलं. शिडीवर पंजाबी ड्रेस चालेल का?

शहापूरकर मावशी

ट्रॅकपँट घाला. ओढणी शिडीत अडकते.