मदत हवी आहे : सीडी ४०१७ आणि टीआयपी १२२ ऐवजी काय चालेल? (इंदूर)

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या मखरासाठी धावत्या दिव्यांचं बोर्ड करतोय. ५५५ टायमर आयसीचा क्लॉक, पुढे सीडी ४०१७ (दहा आउटपुट एकामागून एक चालू करणारा काउंटर आयसी), त्याच्या दहा आउटपुटवर ४.७ के रेझिस्टरमधून दहा टीआयपी १२२ (एनपीएन डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर), आणि प्रत्येकावर १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा एकेक मीटर. पट्टी मीटरला ४.८ वॅटची, म्हणजे ४०० मिलिअँपिअर. सगळं एकाच १२ व्होल्ट अ‍ॅडॅप्टरवर. पीसीबी घरीच फेरिक क्लोराइडमध्ये काढली, भोकं पाडून झाली, तेव्हा नवीन बोर्ड करा असं कृपया सुचवू नका.

महाराणी रोडवर सीडी ४०१७ कुणाकडेच नाही. एकाने ७४ एचसी ४०१७ हातात ठेवला, "नंबर तो वही है भिया, लगा दो." पिना खरंच त्याच आहेत. टीआयपी १२२ चारच मिळाले, बाकीच्यांसाठी तो टीआयपी १२७ पुढे करतोय. आयआरएफझेड ४४ एन मॉस्फेट मात्र हवे तेवढे आहेत. जेल रोडला सगळा मोबाइलचा माल. ऑनलाइन मागवलं तर गणपती उठल्यावर पोचेल.

शिवाय ५५५ ला १० ऐवजी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चालेल का? सोबत १ के रेझिस्टर आणि १०० के चा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आहे.

तांब्याचा ट्रॅक :
एचसी १२ व्होल्टवर लावू नका. पिना जुळल्या तरी ती मालिका २ ते ६ व्होल्टची, सीडी ३ ते १५ ची. १२ दिलेत की चालू करतानाच जाईल. शेवटचे चार आकडे सारखे आहेत म्हणून भुलू नका, आधीची अक्षरं बघा. एचईएफ ४०१७, एचसीएफ ४०१७ डोळे मिटून लावा. मोटोरोलाचा असेल तर त्यावर एमसी १४०१७ लिहिलेलं असतं. दुकानदार "४०१७ नाही" म्हणतो तेव्हा हा आयसी कधीकधी डबीत पडलेला असतो, म्हणून पूर्ण नंबर सांगून विचारा.

टीआयपी १२७ पीएनपी, म्हणजे १२२ च्या उलट्या जातीचा आहे, तुमच्या सर्किटमध्ये उपयोग शून्य. टीआयपी १२० आणि १२१ मात्र १२२ चीच भावंडं, फरक फक्त ६०, ८० आणि १०० व्होल्टचा. तुम्हाला १२ च लागतात.

कपॅसिटर चालेल. प्रीसेट पूर्ण फिरवल्यावर १० ने सेकंदाला पाऊण पाऊल पडेल, ४.७ ने दीड. अगदी संथ चाल हवी असेल तरच अडेल.

जुना सोल्डरवाला :
एवढा शोध कशाला, दहाही जागी आयआरएफझेड ४४ एन लावा ना. बेस-कलेक्टर-एमिटरच्या जागी गेट-ड्रेन-सोर्स त्याच क्रमाने बसतात, ट्रॅकला हात लावायला नको, ४.७ के पण राहू दे. ४०१७ ला १२ व्होल्ट आहेत म्हणजे गेटलाही १२ च मिळतात, मॉस्फेट पुरता उघडतो. डार्लिंग्टन जवळजवळ एक व्होल्ट स्वतःच खातो, तो वाचतो. चार टीआयपी आणि सहा मॉस्फेट अशी खिचडी नको, उजेडात फरक दिसू शकतो. पाठीचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, तेव्हा दहा पत्रे एकमेकांना लागू देऊ नका. हीटसिंकची गरज नाही.

(मूळ प्रश्नकर्ता) :
दादा, दोघांचेही आभार. पण एमसी १४०१७ पण नाही मिळाला तर? ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) टाकून एचसीच ५ व्होल्टवर चालवला तर?

जुना सोल्डरवाला :
चालेल, पण मग माझा वरचा सल्ला रद्द. ५ व्होल्टवर आयआरएफझेड ४४ एन अर्धवट उघडतो आणि तापतो. ५ व्होल्टवरही पुरता उघडणारा आयआरएलझेड ४४ एन शोधा, नाहीतर टीआयपी १२०. डार्लिंग्टनला ४.७ के मधून पाऊण मिलिअँपिअर मिळेल, तुमच्या ४०० साठी ते पुरे. ५५५ पण त्याच ५ व्होल्टवर घ्यावा लागेल. साध्या ५५५ चं आउटपुट पुरतं ५ पर्यंत चढत नाही आणि एचसीला साडेतीन तरी लागतात, म्हणून ३ नंबरच्या पिनेवरून ५ व्होल्टला १ के जोडा. पट्ट्या १२ वरच राहतील, फक्त त्या दोन आयसींचा सप्लाय ट्रॅक कापून ७८०५ मधून घ्या.

(मूळ प्रश्नकर्ता) :
एक ट्रॅक कापायला हरकत नाही. उद्या पूर्ण नंबर सांगून ४०१७ विचारतो. मिळाला तर दहा मॉस्फेट, नाहीतर ७८०५ आणि सहा टीआयपी १२०. तोही नसेल तर १२१.