गेटवेखालून राजा कधी गेला म्हणे?

दगडफोड्या
"१९११ साली पंचम जॉर्ज ज्या कमानीखालून मुंबईत शिरला, ती गुलामीची कमान पाडा." कालची ही पोस्ट, आणि खाली नुसते अंगठे! अहो, २ डिसेंबर १९११ ला राजा उतरला तेव्हा अपोलो बंदरावर तात्पुरता मंडप होता. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ ला, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये. (आधी पायाभरणी, मग नकाशा. आपली रीत जुनीच.) उद्घाटन ४ डिसेंबर १९२४, तेही व्हाइसरॉयच्या हातून. राजा त्यानंतर हिंदुस्थानात फिरकलाच नाही. उलट २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्यांची शेवटची पलटण इथूनच चालती झाली.

सोलापुरी चादर
तारखा चुकल्या, घ्या. पण वर कोरलंय काय? राजाराणी उतरल्याची आठवण! मंडप असो नाहीतर बेसॉल्ट, मुजरा तोच. आणि २१ लाख रुपये काय विटेटच्या खिशातले?

दगडफोड्या
मुजरा राजाला आणि नक्षी सोळाव्या शतकातल्या गुजरातची? दगड खरोडीचा, जाळ्या ग्वाल्हेरच्या. पैसा संपला म्हणून समोरचा सरळ रस्ताही झाला नाही, कमान आजतागायत रस्त्याला तिरकी उभी आहे. असला कसला साम्राज्याचा थाट!

मांडवाकर
तुमची कमान तुम्हाला लखलाभ. गेल्या दिवाळीत माझी आई तिथल्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरली. लाँच खालीवर, हात द्यायला कोणी नाही. मनगट मोडलं. आणि अपोलो काय, अपोलो? पालवा म्हणा. आमचे आजोबा पालव्यालाच उतरायचे.

फोर्टवाली
पालवा कुठून आलं पण? कोणी पाल म्हणजे शीड सांगतं, कोणी पल्ला मासा.

मांडवाकर
मासाच! कोळणीला विचारा.

सोलापुरी चादर
मासा कसला, शिडाची गलबतं लागायची म्हणून पाल.

मांडवाकर
सोलापुरात समुद्र कधी आला?

सोलापुरी चादर
तोंड सांभाळून. उजनी आहे आमच्याकडे.

फोर्टवाली
😂 पुरावा दोघांकडेही नाही, आवाज मात्र दोघांचा. मी १९६१ ला शाळकरी होते. २६ जानेवारीला समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, वडिलांनी खांद्यावर बसवून दाखवला. तेव्हापासून कमान मला महाराजांच्या मागची भिंत वाटते. पाडायची गरजच काय?

सोलापुरी चादर
बरं बाई, नाही पाडत. कबुतरांची सोय होते तेवढीच. पण "राजासाठी नव्हती" हे मी मानणार नाही.

दगडफोड्या
राजासाठी होती हो. राजा खालून गेला नाही, एवढंच म्हणतोय पहिल्यापासून!

मांडवाकर
आणि पायऱ्या?