पेहरावावरून संशय घेणे ही खबरदारी की अन्याय?

धागाकर्ती : नदीकाठ
गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भगवी कफनी घातलेले, खांद्याला झोळी आणि हातात डौर असलेले एक वयस्कर गोसावी येऊन उभे राहिले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितले. रखवालदार तांब्या आणायला आत वळला, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी त्यांचा फोटो काढला आणि ‘मुलांना खाली सोडू नका’ अशा सूचनेसह तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले, ते अशाच मोबाईलवरच्या अफवांमुळे. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. तो फोटो पाहिल्यापासून मला स्वस्थता नाही.

प्रतिसाद : साठीतला वाचक
राईनपाड्याचे समर्थन कोणीच करणार नाही, पण फाटकावर चौकशी करणे आणि जमावाने जीव घेणे यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. माझी ८४ वर्षांची आई दिवसभर घरात एकटी असते आणि दारावर आलेल्या माणसाविषयी तिला जे काही कळते ते डोळ्यांना दिसते तेवढेच. तिने दार उघडले नाही, तर तिला पूर्वग्रहदूषित म्हणायचे का?

प्रतिसाद : नदीकाठ
आजींनी दार उघडू नये, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. इस्त्रीचा सदरा घालून आलेल्या माणसाला आमच्या फाटकावर वहीत नावसुद्धा लिहावे लागत नाही. नियम असेल तर तो दोघांनाही हवा.

प्रतिसाद : बार्शीकर
मी पारधी समाजातला आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी आजही आमच्या पालांकडे वळते. मी पदवीधर आहे, खोली भाड्याने घेताना घरमालकाने आडनाव विचारेपर्यंत सगळे ठरले होते. चौकशी झाल्याचे दुःख नाही. ती आमचीच होते, याचे आहे.

प्रतिसाद : साठीतला वाचक
आपण लिहिलेले दोनदा वाचले. वही सर्वांसाठी असावी, हे मला मान्य आहे आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी तसा विषय मांडणार आहे. अनोळखी माणसाविषयी सावध राहण्याचा हक्क मात्र मी सोडणार नाही.

प्रतिसाद : नदीकाठ
तो आम्हीही सोडायला सांगत नाही. त्या गोसावीबाबांचा फोटो गटावरून काढून टाकावा, असे मी काल लिहिले. अजून तो तिथेच आहे.