जुन्या कॅम्परची मागची सीट: नुसतं रेक्झिन बदलू की सगळं उपसू?

कुडाळकर०७
नमस्कार मंडळी. २०११ ची बोलेरो कॅम्पर आहे (दोन रांगांची केबिन आणि मागे मालाचा हौदा), बाबांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाय. इंजिन ठणठणीत, पुढच्या सीटा पण बऱ्या आहेत, पण मागची बघवत नाय. काजूच्या सीझनला हौदा भरला की उरलेली पोती मागच्या सीटवर, खताच्या गोणी पण तिथंच, त्यामुळे रेक्झिन चिरलंय आणि फोम हातात घेतला की भुगा होतो. त्यात मधे कुणीतरी बसलेल्या स्प्रिंगांवर सरळ प्लायवूड ठोकून ठेवलंय. आईला कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यावं लागतं, करूळ घाट चढून गगनबावडा येईपर्यंत ती कंबर धरून बसते.
इथला सीटवाला फोम आणि रेक्झिन मिळून साडेचार हजार म्हणतोय, एका दिवसात देतो म्हणाला. तेवढंच करून घेऊ की सांगाडा पण काढून बघू? पाठ एकदम सरळ उभी आहे ती थोडी मागे झुकवता येईल काय? ६ इंची फोम टाकला तर मऊ होईल ना? पावसात गाडीत कुबट वास येतो, तो पण ह्या सीटचाच असणार असं वाटतं.

उद्यमनगरी०९
भावा सीटवाल्याला जरा थांबीव. कुबट वास सीटचा नसतोय, मॅटच्या खालचा असतोय. आधी सीट सोडव. बोल्ट गंजलेले असणार, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेव आणि सकाळी हळूहळू मागं-पुढं करत काढ, एकदम जोर लावलास तर खालचा वेल्ड केलेला नट फिरतो आणि मग कापाकापी आली. सीट निघाली की मॅट उचल, त्याच्याखाली जो नमदा (जाड लोकरीसारखा थर) असतोय तो पाणी पिऊन बसतोय, वरनं मॅट कोरडं दिसतंय आणि खाली पत्रा वर्षभर ओला. कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघ. टणक लागला तर नशीबवान, आत गेला तर पत्र्याचं काम आधी, रेक्झिन नंतर.
आणि पाणी येतंय कुठनं ते शोधल्याशिवाय पत्रा पण मारू नको. आतनं कडेकडेनं खडूची पूड भुरभुर, एक जण टॉर्च घेऊन आत बसू दे आणि दुसऱ्यानं बाहेरनं पाईपनं पाणी सोडायचं, खालनं सुरुवात करून हळूहळू वर जायचं. आधीच टपावरनं ओतलं तर सगळीकडनंच ओघळतंय, मग काय कळत नाही. जास्त करून मागच्या काचेचं रबर कडक होऊन आकसलेलं असतंय, नाहीतर दाराचं बिडिंग (कडेची रबरी पट्टी), नाहीतर खालच्या पत्र्यातली रबरी बुचं गेलेली.

कुडाळकर०७
धन्यवाद भाऊ, काढली सीट. नमदा पिळला तर पाणी निघालं अक्षरशः. डाव्या कोपऱ्यात काचेच्या रबराखालून पूड वाहून गेली, म्हणजे पाणी तिथूनच. त्याच बाजूला तळहाताएवढा पत्रा गेलाय, स्क्रू ड्रायव्हर आरपार. इथला एक जण म्हणतो वरून नवा पत्रा ठेवतो, रिबिटं मारतो आणि कडेनं सिलिकॉन, तासाभराचं काम.

उद्यमनगरी०९
नको लगा. दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकलं की नवा पण खालनं खातंय. कुजलेलं सगळं कापून काढायचं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत, आणि तेवढाच तुकडा घडवून सीओटू (गॅसच्या) वेल्डिंगनं जोडून घ्यायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढ, फोम नमदा सगळं गाडीच्या बाहेर, आणि खालनं डिझेलची नळी, वायरिंग कुठनं गेलंय ते मिस्त्रीला दाखव. मग जोडावर सीलर, इपॉक्सी प्रायमर, रंग. खालच्या बाजूनं पण कर, वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथला जुना रंग जळालेला असतोय आणि लोकं नेमकं तेच विसरतात. नमदा परत घालू नको. एक्सएलपीई म्हणून बंद छिद्रांच्या फोमची शीट मिळते, ती पाणी धरत नाही. काचेचं रबर बदलायला सांग, नुसतं सिलिकॉन फासून घेऊ नको.

टाका_दोरा
सीटच्या कामात आयुष्य गेलं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ६ इंची फोम घालू नका. डोकं टपाला लागेल, पाय जमिनीला नीट टेकणार नाहीत आणि तुमच्या आईंना वळणावर जास्त हेलकावे बसतील. मऊपणा फोमच्या जाडीतून येत नाही हो, खाली स्प्रिंग जिवंत असली की ४ इंचात काम होतं. ते प्लायवूड आधी फेकून द्या. सांगाड्यातल्या नागमोडी स्प्रिंगा तपासा, तुटलेल्या बदला, क्लिपमधे प्लास्टिकचा तुकडा घातला नाही तर आयुष्यभर करकर ऐकावी लागते. स्प्रिंगांवर जाड तरट ताणून बांधा नाहीतर तार फोम कापत राहते.
फोम घेताना दुकानदार बोटाने दाबून दाखवतो, कडक आहे बघा म्हणतो, त्याला भुलू नका. डेन्सिटी म्हणजे वजन, कडकपणा वेगळा. हलका फोमही कडक मिळतो आणि एका पावसाळ्यात बसतो. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो, म्हणून ४ फूट लांब, २० इंच रुंद आणि ४ इंच जाड तुकडा अडीच किलोच्या आसपास भरला पाहिजे, सरळ काट्यावर टाकायला सांगा. दीड किलो भरला तर दुकान बदला. मी स्वतः खाली १ इंच रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला कडक फोम) आणि वर ३ इंच ४० चा घालतो, बसायला आधी मऊ आणि मग आधार लागतो.
आता पाठ. मागे केबिनची भिंत आहे, सीट झुकवायला जागाच नाही, म्हणून उलटीकडून करायचं. बैठकीची पुढची कड इंच-दीड इंच वर घ्या, म्हणजे मांडीला आधार मिळतो आणि माणूस आपोआप मागे सरकतो. पाठीचा फोम वर खांद्याकडे पातळ ठेवा आणि कमरेला भरीव. आईंच्या कमरेचा त्रास निम्मा इथेच कमी होईल, फक्त शिवण्याआधी त्यांना कच्च्या फोमवर बसवून बघा. गुडघे जास्त वर आले तर कड थोडी छाटता येते, शिवून झाल्यावर काहीच करता येत नाही.
जुनी खोळ फाडू नका, उसवा. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि बाण, तोच फर्मा. बसायच्या भागात कापड आणि कडेला रेक्झिन असं केलं तर घामाने चिकटत नाही. दोरा बॉन्डेड पॉलिएस्टर सांगा, सुती दोरा कोकणात कुजतो, आणि नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर उन्हात टिकतो. टाका फार बारीक नको, जवळजवळ भोकं पडली की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं.

भंगारप्रेमी३१
अरे भाऊ इतकं कायले करून राहिला, भंगारात जा, अपघातातली इनोव्हा नाहीतर स्कॉर्पिओ पाहून घे, मधली सीट उचल आणि दे ठोकून. पाठ पण मागे झुकते. आमच्याकडं लय लोकांनी केलं असं.

निवांत१४
@भंगारप्रेमी३१ ठोकून कुठे देणार हा प्रश्न आहे. त्या सीटचे बोल्ट जिथे बसतात तिथे मूळ गाडीत जाड पट्टी असते, कॅम्परच्या फ्लोअरला त्या जागी तीच पट्टी असेल असं कोणी सांगितलं? नुसत्या पत्र्याला भोक पाडून वॉशर लावून बसवलेली सीट रोज चालवताना घट्टच वाटते हो, टकरीत तीन माणसांसकट पुढे येते. शिवाय केबिन लहान, ती पाठ झुकवायला जागा कुठाय? अपघातातली सीट असेल तर तिचे पट्टे तर अजिबात वापरू नयेत, एकदा ताण बसलेला पट्टा वरून चांगलाच दिसतो.
कुडाळकर, मूळ सांगाडा ठेवताय ते उत्तम. आरसीवर जेवढी बैठक आहे तेवढीच ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे गाडीत मनाने फेरफार करायला मनाई आहे. काही लोक हौद्यात बाक टाकून माणसं बसवतात, तो तर वेगळाच वेडेपणा.
मागच्या पट्ट्यांचं काय? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरला उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला त्यात ते मागे बसले होते, पट्टा नव्हता, त्यानंतर कुठे लोकांना मागचा पट्टा आठवला. नियम आधीपासूनच होता, कलम १९४ ब खाली १००० रुपये दंड. सीट बाहेर आहे तोवर खांबाच्या आणि फ्लोअरच्या प्लास्टिकखाली पट्ट्याचे नट दिलेत का बघून घ्या. तिथे बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची बारीक आट्याचा बोल्ट लागतो, बाजारातला १२ एमएमचा दामटू नका, आटे जातात. नट नसतील तर स्वतः भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, मूळ कमरेचा पट्टा नीट चालता करा. आणि सीटवाल्याला बजावून सांगा की बकल बाहेर ठेव. नव्या खोळीखाली बकल गाडून टाकायची त्यांची सवयच आहे.

कुडाळकर०७
बकलचं बरं झालं सांगितलंत, आमची दोन्ही बकलं सीटखाली सापडली, बरोबर दहा रुपयांची नाणी पण. खांबात नट आहेत, प्लास्टिकची टोपी मारलेली आहे वरून. पत्रा कोल्हापुरातच करून घेतो, तोवर आईला एसटीनं. इनोव्हाची सीट कॅन्सल, बाबा ऐकूनच भडकले. सीटखाली जॅक-पान्यांसाठी पेटी करायची पण इच्छा आहे, बैठक बिजागरीवर उचलायची. चालेल काय? आणि रंग कुठला घेऊ?

टाका_दोरा
पेटी करा, पण खाली पाणी जायला भोकं ठेवा आणि बैठकीला पुढून पक्की कडी हवी, ब्रेक मारल्यावर उचलली जाता कामा नये. जॅक पण आत पट्ट्याने बांधा. रंग काळा सोडून काहीही, बंद गाडी उन्हात राहिली की काळ्या रेक्झिनवर बसवत नाही. काजूचा चीक लागणारच असेल तर मळखाऊ तपकिरी घ्या, आणि पोत्यांसाठी वरून ताडपत्रीची वेगळी खोळ शिवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

झेनॉनवाला
माझ्या जुन्या टाटा झेनॉन पिकअपला पण सेम प्रॉब्लेम, नमदा ओला. तिथं पण काचेचं रबरच का?

उद्यमनगरी०९
पूड टाकून बघ की भावा, मग फोटो टाक.