पहिलीच्या प्रवेशाआधी शाळेत नेमके काय पाहावे?

प्रश्न : कृष्णाकाठ (सातारा जिल्हा)

नमस्कार. माझी मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. आमच्यासमोर दोन शाळांचा पर्याय आहे. एक जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. दुसरी तालुक्याच्या गावातील खासगी शाळा, जिच्या माहितीपत्रकात अभ्यास, नेतृत्वगुण आणि सर्वांगीण विकास या तिन्ही गोष्टींची हमी दिलेली आहे. त्या शाळेत प्रवेशापूर्वी मुलीची आणि आम्हा दोघांची मुलाखत होईल, असे सांगण्यात आले आहे. मुलगी घरी भरपूर बोलते, परंतु चार अनोळखी माणसांत अगदी अबोल होते, त्यामुळे नेतृत्वगुण हा शब्द वाचला की मला धास्ती वाटते. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या तीन गोष्टींचा अर्थ काय घ्यायचा, आणि त्या शाळेत खरोखर घडतात की नाही हे पालकाने कशावरून ओळखायचे? ज्यांनी प्राथमिक शाळेत काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त मुख्याध्यापिका

ताई, प्रथम मुलाखतीविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही, हे आपण त्या शाळेला नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. सर्वांगीण विकासाचेही तसेच आहे. तो कोणत्याही शाळेने वरकड म्हणून देण्याचा विषय नाही. याच कायद्याच्या 29 व्या कलमात मुलाचा सर्वांगीण विकास, कृती आणि शोध यांतून शिकणे, शक्यतो मातृभाषेतून शिक्षण आणि मुलाला भीती व चिंता यांपासून मुक्त ठेवणे या गोष्टी अभ्यासक्रम व मूल्यमापनाची तत्त्वे म्हणून लिहिलेल्या आहेत. या यादीत भीतीचा उल्लेख आहे, याला मी फार महत्त्व देते, कारण घाबरलेले मूल पाठ म्हणून दाखवते, पण प्रश्न विचारत नाही.

पाहायचे कसे, हे आता सांगते. दुसरीच्या किंवा तिसरीच्या वर्गात अर्धा तास मागे बसू देण्याची विनंती करावी आणि त्यानंतर मुलांच्या चार-पाच वह्या मागून पाहाव्यात. सगळ्या वह्यांत एकच उत्तर, तेच शब्द, तीच टापटीप दिसली, तर ते फळ्यावरून उतरवून घेतलेले आहे असे समजावे. एखाद्या वहीत ‘माझ्या आजीच्या शेळीला दोन करडे झाली’ अशा प्रकारचे मुलाचे स्वतःचे वाक्य, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह, आणि त्याखाली बाईंनी त्या शेळीविषयीच विचारलेला प्रश्न सापडला, तर त्या वर्गात अभ्यास चालू आहे. वर्गात चूक झाल्यावर काय होते, याकडेही लक्ष ठेवावे. शिक्षक लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात, की ‘तुला असे का वाटले?’ म्हणून तिथेच थांबतात?

मूल्यमापनाच्या नोंदीही मागाव्यात. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि त्यात पहिली-दुसरीसाठी आकारिक म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला 70 टक्के व संकलित म्हणजे सत्राअखेरीच्या मूल्यमापनाला 30 टक्के भार दिला गेला. याचा अर्थ असा की रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम या सगळ्यांतून मूल वर्षभर दिसले पाहिजे. वर्णनात्मक नोंदींत सर्वच मुलांसमोर ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहिलेले असेल, तर कोणाकडेच पाहिले गेलेले नाही. ‘हातच्याची वजाबाकी जमते, वरच्या संख्येत शून्य आले की अडते, गटात इतरांना साहित्य काढून देते’ अशी एक नोंद मिळाली, तरी त्या शिक्षकाच्या हाती मूल निश्चिंतपणे सोपवावे.

फलटणकर

बाईंच्या म्हणण्याला जोड देतो. अभ्यास आणि सर्वांगीण विकास यांत एकाकडे लक्ष दिले तर दुसऱ्याकडे दुर्लक्ष होणारच, असा समज पालकांमध्ये फार पक्का आहे. आपल्याच जिल्ह्यात फलटणला कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा 1986 पासून आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ती सुरू केली. शाळेत जाऊनही वाचायला न शिकलेल्या वंचित वस्त्यांतील मुलांना वाचायला शिकवण्याचे त्यांचे काम त्याआधीपासून चालू होते. म्हणजे त्या शाळेच्या मुळाशी एक अगदी साधा, अभ्यासाचा प्रश्न आहे : मूल वाचू का शकत नाही? आणि सुस्थितीतील घरांतील व वंचित घरांतील मुलांनी एकाच वर्गात शिकावे, हा आग्रह त्याच प्रश्नाला जोडून आलेला आहे. वाचायला येऊ लागलेल्या मुलाची मान कशी वर होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आत्मविश्वासासाठी वेगळी तासिका ठेवावीशी वाटणार नाही.

म्हणून ताई, दोन्ही शाळांत एक गोष्ट जरूर तपासा. निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले, आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तिसरीतील एखाद्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरची छोटी गोष्ट वाचायला द्या आणि तिच्याविषयी गप्पा मारा. शाळेने निवडून पुढे केलेले मूल नको. तुम्ही शेवटच्या ओळीतले निवडा.

द्विशिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली ते चौथीचे चार वर्ग आम्ही दोघे सांभाळतो आणि त्यातच माहिती भरण्याची कामे येतात, ज्यात शिकवण्याचा वेळ जातो. ही अडचण लपवण्यात अर्थ नाही, आणि आपण ज्या शाळेत जाल तिथे किती शिक्षक प्रत्यक्ष हजर असतात, हे आपण विचारलेच पाहिजे.

परंतु नेतृत्वाविषयी मला जे कळले ते याच शाळेत कळले. बहुतेक शाळांत जून-जुलैत मंत्रिमंडळ निवडले जाते, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री होतात, छातीवर बिल्ले लागतात, आणि पुष्कळदा वर्षभर त्यांना परिपाठाला पुढे उभे राहण्यापलीकडे काम नसते. आमच्याकडे मुलांनी ठरवलेली गोष्ट खरोखर अमलात येते. पोषण आहाराच्या वेळी वाढायला कोण उभे राहणार, परसबागेला पाणी कोणत्या वेळी द्यायचे, चेंडू एकच असेल तर लहान मुलांना तो कधी मिळायचा, हे बालसभेत ठरते आणि शिक्षकांनाही पाळावे लागते. एकदा मुलांनी वाढपाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवली, तेव्हा कधीच पुढे न येणारा पहिलीचा एक मुलगा भाताचे पातेले घेऊन उभा राहिला आणि प्रत्येकाला ‘अजून हवा का?’ असे विचारत गेला. निवडणूक झाली असती, तर त्याला कोणी मत दिले नसते. तेव्हापासून बहुतेक जबाबदाऱ्या आम्ही पाळीने देतो, कारण प्राथमिक वयात मते नेहमी बोलक्या, उंच आणि चांगल्या कपड्यांतल्या मुलालाच पडतात.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहिते. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही पाहणाऱ्या राहणार नाही, ठरवणाऱ्या व्हाल. आमच्या समितीने ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप काढायला लावले. पुस्तके फाटतील, ही तक्रार आली, थोडी फाटलीही, आणि चौथीच्या मुलांनी ती खळ लावून चिकटवली. खासगी शाळेत पालकांचे म्हणणे कोण आणि कधी ऐकतो, हेही विचारून ठेवा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही शाळांत वर्गात बसण्याची परवानगी मागितली. जिल्हा परिषदेच्या शाळेने लगेच दिली. दुसऱ्या शाळेने असे करता येत नाही, असे कळवले. वर्गात बसल्यावर एक शंका आली. तिथे मुले गटात शिकतात, हे आवडले, परंतु प्रत्येक गटाचा प्रमुख सर्वांत हुशार मुलगा किंवा मुलगी होती आणि उत्तरे तेच देत होते. माझी मुलगी अशा गटात वर्षभर ऐकतच बसेल का?

निवृत्त मुख्याध्यापिका

आपली शंका अगदी रास्त आहे. गटप्रमुख कायमचा ठेवला, की गट म्हणजे एक शिक्षक आणि चार श्रोते असा आणखी लहान वर्ग होतो. प्रमुख दर आठवड्याला बदलावा आणि गटाचे उत्तर कोण सांगणार, हे शिक्षकांनी आयत्या वेळी ठरवावे. असे केले तर हुशार मुलाला बाकीच्यांना समजावून देणे भाग पडते आणि त्यात त्याचाही अभ्यास पक्का होतो. हे त्या शिक्षकांशी बोलावे. वर्गात बसू देणारे शिक्षक हे ऐकून घेतील.

अबोल मुलीला सुरुवातीला बोलण्याचे काम देऊ नये, जबाबदारीचे द्यावे. माझ्या वर्गात अशा मुलांकडे मी ग्रंथालयाची नोंदवही देत असे. पुस्तक नेणारा प्रत्येक जण तिच्याजवळ येऊन नाव सांगतो, ती लिहिते, आणि परत न आलेल्या पुस्तकासाठी तिलाच जाऊन विचारावे लागते. पहिलीत लिहिता येत नसेल तर नावासमोर खूण करायला द्यावी. प्रवेशाच्या दिवशी वर्गशिक्षकांना तिच्या स्वभावाविषयी दोन वाक्ये जरूर सांगावीत, मात्र ती समोर नसताना. ‘आमची जरा लाजरी आहे’ हे मुलाने वारंवार ऐकले, की ते त्याला खरे करून दाखवावे लागते.